पुढचे दात, पंधरा हजार रुपये आणि घसारा

आधी निकाल सांगते, कारण परीक्षण वाचणाऱ्याला तोच हवा असतो. पुढच्या दातांवरचे तपकिरी डाग घालवायला मी साधारण १५ हजार रुपये घातले आणि ते वसूल झाले. आठ दातांवर व्हिनिअर, म्हणजे दातावर चिकटवायचे सिरॅमिकचे पातळ पापुद्रे, बसवायचे ९६ हजार मात्र मी दिले नाहीत. दिले असते तर फोटो झकास आले असते, पण पैसे वसूल झाले नसते असं माझं मत आहे. दुखण्याचं म्हणाल तर डॉक्टर "थोडं जाणवेल" म्हणतात त्याच्यापेक्षा जास्त दुखतं, आणि आपण घरी बसून घाबरतो त्याच्यापेक्षा बरंच कमी.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीत हिशेब लिहिते. वय ४१. दिवसभर शेतकरी, व्यापारी, हमाल, बँकेची माणसं यांच्याशी बोलायचं असतं, म्हणजे तोंड उघडावंच लागतं. हे सांगायचं कारण, ज्यांचं काम मान खाली घालून चालतं त्यांचा हिशेब कदाचित वेगळा निघेल.

डाग कुठून आले ते सांगते. वडील वनखात्यात होते आणि माझं लहानपण यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडच्या एका गावात गेलं. तिकडच्या बऱ्याच बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त असतं. आपल्या देशातल्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराईड ठीक, आणि दुसरं पाणीच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यायचं. त्याच्या वरचं पाणी मूल रोज प्यायलं, तर हिरडीच्या आत तयार होत असलेल्या पक्क्या दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, नीट भरत नाही. दात उगवतात तेच खडूच्या रंगाचे पट्टे घेऊन, आणि मग त्या सच्छिद्र जागांत रंग मुरत जाऊन ते तपकिरी होतात. हे सगळं साधारण आठ वर्षांच्या आत घडतं. त्यानंतर सांगलीत येऊन कृष्णेचं पाणी आयुष्यभर प्यायलं तरी झालेला डाग जात नाही, कारण तो वरून बसलेला नसतो. त्यामुळे मीठ, लिंबू, खायचा सोडा, कोळशाची काळी पेस्ट, कशानेही तो निघत नाही. लिंबाच्या आम्लाने आणि खरखरीत पुडीने उरलंसुरलं एनॅमल झिजतं, एवढंच.

पण इथल्या लोकांना फ्लोराईड कुठून माहीत असणार? त्यांनी सरळ अर्थ लावला: बाई दातांना तंबाखूची मिश्री लावते. बँकेतले एक साहेब, माणूस चांगला, चलन भरताना हळूच म्हणाले, "ताई, मिश्री जरा कमी करा, तब्येतीला चांगली नाही." घरी येऊन सांगितलं तर आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, ज्या तासगावकडच्या आणि सकाळ-संध्याकाळ नेमाने मिश्री लावतात, पोट धरून हसल्या. "लावायची म्या आन् नाव तुझं!" मला राग आला नाही, पण काहीतरी करायचं त्या दिवशी ठरलं. सुंदर दिसायची हौस नव्हती असं नाही म्हणत. हौस होतीच. पण जे व्यसन आपल्याला नाही त्याचा शिक्का तोंडावर घेऊन फिरायचा कंटाळा जास्त होता.

पहिल्यांदा गेले ते शहरातल्या एका चकचकीत क्लिनिकमध्ये. नाव लिहीत नाही. एसी, कॉफी, भिंतीवर मोठा टीव्ही. माझा मोबाइलवर फोटो काढला आणि पाच मिनिटांत त्याच टीव्हीवर माझाच चेहरा नव्या दातांसकट दाखवला. बाथरूमच्या टाइल्ससारखे एकसारखे, शुभ्र. वरचे आठ दात, प्रत्येकी १२ हजार, हप्त्यांची सोय, "या आठवड्यात ठरवलं तर" सूट. एक्स-रे काढला नाही. हिरड्या तपासल्या नाहीत. मी विचारलं, दात किती घासणार? उत्तर आलं, "अगदी नखाएवढा पातळ थर, मॅडम."

आता हे नखाचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळा निर्णय त्याच्यावर आहे. सिरॅमिकचं व्हिनिअर चिकटवायचं तर दाताचा पुढचा भाग बहुतेक वेळा ०.३ ते ०.७ मिलिमीटर घासावा लागतो. ऐकायला काहीच नाही. पण पुढच्या दातांना तिथे एनॅमलच मुळात सुमारे मिलिमीटरभर असतं, आणि हिरडीजवळ त्याहूनही पातळ. शिवाय एनॅमल पुन्हा उगवत नाही. म्हणजे एकदा घासलं की त्या दातावर जन्मभर काहीतरी झाकण लागणार. दहा-पंधरा वर्षांनी ते सुटलं, चिरलं, हिरडी मागे सरकून कड दिसू लागली, की नवं. दरवेळी आणखी थोडं घासणं आलंच.

मी हिशेबनीस, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच घसारा, म्हणजे वस्तूची किंमत वर्षाला किती झिजते तो हिशेब, सुरू झाला. ९६ हजार भागिले १२ वर्षं, म्हणजे वर्षाला ८ हजार. माझं वय ४१. पंच्याहत्तरीपर्यंत गेले तर ते आठही दात किमान दोनदा बदलायचे, आणि तेव्हाच्या भावाने. यात मशीन जुनं झालं म्हणून मोडीत काढता येत नाही, कारण मूळ दात आता उघडा ठेवण्यासारखा राहिलेला नाही. आमचे मालक गोडाऊन भाड्याने घेताना पहिलं हेच विचारतात की सोडायचं झालं तर कसं सोडायचं. व्हिनिअरला सोडायची सोय नाही.

व्हिनिअर वाईट असतात असं मात्र माझं म्हणणं नाही. दात तुटला असेल, फ्लोरोसिसने, म्हणजे या फ्लोराईडच्या दुखण्याने, खड्डे पडले असतील, लहानपणी टेट्रासायक्लिनची औषधं घेऊन दात करडे झाले असतील, तर त्याला पर्याय कमी आणि तिथे तो खर्च योग्यच. माझ्या मामेभावाचा पुढचा दात मोटारसायकलवरून पडून अर्धा गेला होता. त्याने झिर्कोनियाची कॅप बसवली आणि तो सुखी आहे. माझे आठही दात शाबूत होते. फक्त रंग वाईट.

दुसरं मत मिरजेत घेतलं. मिरजेला १८९४ मध्ये वानलेस साहेबांनी इस्पितळ काढलं तेव्हापासून आमच्याकडे दुखणं अवघड झालं की "मिरजेला दाखवा" म्हणतात, आणि ती सवय दातांनाही लागू झाली. हे क्लिनिक जुन्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वेळ घेऊन गेलं तरी तासभर बसावं लागतं. फोन दुपारी कुणी उचलत नाही. बाहेरच्या खोलीतला पंखा आवाज जास्त आणि वारा कमी करतो. या सगळ्याचे गुण कापते.

आतल्या डॉक्टर पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पाऊण तास फक्त बघितलं. हिरड्यांत बारीक काडी घालून खोली मोजली, एक्स-रे काढला, आणि पहिला प्रश्न विचारला तो, "लहानपणी कुठं होता?" यवतमाळ म्हटल्यावर मान हलवली. मग म्हणाल्या, "पुढच्या दातांचं बघू. पण मागच्या दाढेत जुन्या चांदीखाली कीड आहे, ती आधी. कीड तशीच ठेवून ब्लीच केलं तर जेल आत जाऊन ठणकेल." त्या दाढेचं मला काही वाटत नव्हतं, दुखतही नव्हती. चकचकीत ठिकाणी ती कुणी पाहिलीच नव्हती. माझ्यापुरतं दोन दवाखान्यांतलं अंतर इथेच कळलं.

त्यांनी कागदावर क्रम आणि रक्कम लिहून दिली. आधी सफाई, १ हजार. दाढ वेगळी, ती या १५ हजारांत धरलेली नाही, कारण ती करावीच लागणार होती. मग डागांवर मायक्रोअब्रेजन, म्हणजे वरचा डागाळलेला थर हलकेच घासणं, आणि त्यावर ब्लीचिंग, दोन्हीचे मिळून ९ हजार. आणि एवढं करूनही जे दोन दात ऐकणार नाहीत त्यांच्यावर काँपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाचा, पातळ थर, दाताला अडीच हजार. "ब्लीचनं भागलं तर काँपोझिट करायचं नाही," हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. आपलंच पुढचं बिल कमी करणारं वाक्य धंद्यात फार कमी ऐकायला मिळतं.

ब्लीच हळदीचा हंगाम उरकल्यावर करायचं हेही त्यांनीच ठरवलं. ब्लीचनंतर दोन दिवस दात रंग पटकन ओढून घेतात, म्हणून चहा, कॉफी, बीट, सॉस आणि हळद बंद. मी काम करते तिथे राजापुरी हळदीचे सौदे चालू असले की टेबलावर, वहीवर, पापण्यांवर पिवळी धूळ बसते. डॉक्टर पहिल्यांदा हसल्या त्या तेव्हाच.

आता खुर्चीतलं. सफाईत रक्त आलं, गार पाण्याने कळा आल्या, पण ते कुणालाही येतं. मायक्रोअब्रेजनला ओठ मागे ओढून धरणारी प्लॅस्टिकची चौकट बसवतात, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त त्रास तिचा. अर्ध्या तासात ओठांचे कोपरे चिरल्यागत होतात. घरून व्हॅसलिन लावून जा. हिरड्यांवर निळसर लेप लावून दिव्याने कडक करतात, कारण पुढे जे लावतात त्यात सौम्य केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक घासणारी पूड असते. ते रबराच्या छोट्या कपाने दातावर फिरवतात, धुतात, बघतात, पुन्हा फिरवतात. दुखत नाही. वास आणि चव मात्र वाईट. वरवरचा तपकिरी थर यातच बराचसा गेला. एनॅमल इथेही जातंच, पण व्हिनिअरच्या मानाने अगदी थोडं, आणि वर झाकण लागत नाही.

ब्लीचिंगला ३५ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइडचं जेल होतं, वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्यांत. पहिल्या फेरीला वाटलं, उगाच घाबरले. दुसरीत मधूनच एखाद्या दातात सणक जायची, वीज गेल्यासारखी, आणि आपण काही बोलायच्या आत संपायची. तिसऱ्या फेरीत डॉक्टरांनी वेळ कमी केली. घरी गेल्यावर रात्री मात्र त्या सणकांनी दंगा केला. वाऱ्याची झुळूक आत गेली तरी कळ. पॅरासिटामॉल घेऊन झोपले. पोटॅशियम नायट्रेटवाली टूथपेस्ट दातांवर लावून तशीच ठेवायला सांगितली होती, तिचा उपयोग झाला. दोनेक दिवसांत सगळं थंडावलं. ज्यांच्या हिरड्या उतरल्या आहेत, दातांना आधीच गार-गरम लागतं, त्यांना याहून जास्त जड जाईल. त्यांनी आधी विचारून घ्यावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना डॉक्टर हे करतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघितलं आणि पोटात गोळा आला. तपकिरी रंग फिका झाला होता, पण पांढरे पट्टे आधीपेक्षा उठून दिसत होते. हे होणार असं मला आधी सांगितलेलं होतं, म्हणून फोन केला नाही. ब्लीचने दात कोरडे पडतात आणि फ्लोरोसिसचे पांढरे भाग काही दिवस जास्त चमकतात. दाताने ओलावा परत घेतला की ते मिसळून जातात. गेले. पण ज्याला हे आधी कुणी सांगितलं नसेल त्याने त्या सकाळी डॉक्टरांना शिव्या दिल्या असत्या.

खाण्याचे दोन दिवस हा वेगळाच विषय. हळद न घालता सांगलीत जेवायचं म्हणजे काय ते करून बघा. आमटी नाही, भाजी नाही, संध्याकाळचं भडंग नाही. इडली, दहीभात, केळं, दूध-भाकरी. तिसऱ्या जेवणाला मी वैतागले तर आत्याच म्हणाल्या, "आगं, पांढरा रस्सा चालंल की." बरोबर होतं. ना हळद, ना तिखट. दातांच्या निमित्ताने घरात मधल्या वारी मटण शिजलं. खर्चाच्या खात्यात तेही धरायला हवं खरं तर.

काँपोझिट लगेच करत नाहीत. ब्लीचनंतर दातात राहिलेला ऑक्सिजन चिकटण्यात आड येतो आणि रंगही स्थिर झालेला नसतो, म्हणून दोन आठवडे थांबायचं. मग मधल्या दोन दातांवर, जिथे तपकिरी पट्टा खोल होता, तेवढ्याच भागावर थर चढवला. भूल नाही, दुखणं नाही. रंग जुळवायला शेडचे नमुने दाताला लावून खिडकीच्या उजेडात पाहिले, ट्यूबलाइटखाली नाही. ही बारीक गोष्ट मला फार आवडली. पैठणी घेतानाही आम्ही दुकानाच्या दारात येऊन रंग बघतो.

मग दिसतं कसं? पांढरेशुभ्र झाले नाहीत. दुधाळ झाले. जवळून पाहिलं तर पट्टे आहेत. फोटोत कळत नाहीत. अडतीत कुणी "दात केले का" विचारलं नाही, एका शेतकऱ्याने "ताई, चष्मा बदलला का?" विचारलं. मला हेच हवं होतं. बँकेतले साहेब आता मिश्रीचं काही बोलत नाहीत, वाहन कर्जाचं बोलतात.

काँपोझिटचं पुढचं दुखणं मात्र आहे. ते चहा-हळदीने कडेला पिवळं पडतं, वर्षाकाठी पॉलिश करावं लागतं, दाताला ५०० रुपये. पाच-सात वर्षांनी थर बदलायचा. पुढच्या दातांनी ऊस सोलायला कायमची बंदी, आणि साखर कारखान्यांच्या मुलुखात राहून ही शिक्षा थोडी नाही. आता कोयत्याने करवे करून खाते. ब्लीचचा रंगही हळूहळू थोडा उतरणार. तरी माझा घसारा बघा: १५ हजार पाच वर्षांवर टाकले तर वर्षाला ३ हजार, पॉलिशचे १ हजार धरून ४ हजार. व्हिनिअरच्या निम्मे. आणि उद्या कंटाळा आला, पैसे नसले, तर थर काढून टाकला की खाली माझा दात आहे तसा.

मेडिक्लेममधून यातलं काही मिळत नाही. दिसण्यासाठीचे उपचार पॉलिसीत वगळलेलेच असतात. हप्त्यांवर करायचं असेल तर मी तरी म्हणेन, थांबा. डाग कुठे पळून जात नाहीत. पैसे कमी असतील तर दंत महाविद्यालयं बघा: सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं आहे, साताऱ्याकडच्यांना कराडला कृष्णाचं आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च कमी पडतो, फेऱ्या जास्त पडतात. मी नोकरीमुळे फेऱ्या टाळल्या, इतकंच. पार्लरमध्ये किंवा प्रदर्शनात स्टॉल लावून दात पांढरे करून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. दंतवैद्यकीला कायदा आहे आणि नोंदणी लागते. जेल हिरडीवर सांडलं तर हिरडी पांढरी पडून भाजते, तेव्हा पार्लरवाली बाई काय करणार?

तासगावची माझी भाची लग्नाआधी सहा व्हिनिअर बसवायच्या मागे आहे. तिचे दात निरोगी, जरासे पिवळट, म्हणजे एनॅमलच्या आतल्या थराचा, डेंटिनचा, नैसर्गिक रंग. तिला मिरजेला घेऊन गेले. डॉक्टरांनी सफाई केली आणि दातांच्या मापाचा पातळ ट्रे करून दिला: १० टक्क्यांचं कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल, रात्री घालून झोपायचं, दोन आठवडे. खुर्चीतल्या ब्लीचपेक्षा सणका कमी, खर्चही कमी. अट एकच, लग्नाच्या महिनाभर आधी संपवायचं. भाची म्हणाली, "मावशी, हळदीच्या दिवशी तोंड मिटूनच बसते." अजून पूर्ण मन वळलेलं नाही तिचं. व्हिनिअरच्या जाहिराती फोनवर रोज येतात, डॉक्टरांची येत नाही.

क्लिनिकला पाचपैकी चार. एक तारा जिन्याचा, पंख्याचा आणि न उचललेल्या फोनचा.

भाचीसोबत त्या दिवशी आत्याही आल्या होत्या, नुसत्याच बसायला. डॉक्टरांनी त्यांना बोलावून खुर्चीत बसवलं. आत्या म्हणाल्या, "माझं काय गोरं करताय आता?" डॉक्टर म्हणाल्या, डागांचं राहू दे, गालाच्या आतून बघू द्या. मिश्री तंबाखूचीच, त्यामुळे आत पांढरा चट्टा धरलाय का, ते दरवर्षी बघायला हवं. चट्टा नव्हता. त्याचे पैसे घेतले नाहीत. मिश्री सोडायला आत्या तयार नाहीत, पण पुढच्या वर्षी माझ्या पॉलिशच्या वेळी पुन्हा दाखवायला येते म्हणाल्या आहेत.